जुन्या पाम टीएक्सवर गाणी आणि ई-मेल कसे सुरू करावेत

पाम टीएक्स हा खिशात मावणारा ऑर्गनायझर ऑक्टोबर २००५ मध्ये आला. ३१२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२० बाय ४८० ठिपक्यांचा रंगीत पडदा, १२८ एमबी मेमरी, वर एसडी कार्डाची खाच, ३.५ मिलिमीटरचं हेडफोनचं भोक आणि आत वाय-फाय व ब्लूटूथ दोन्ही. जुन्या पाम यंत्रांपैकी एकावर गाणी आणि ई-मेल दोन्ही चालवायचे असतील तर हेच निवडा. पुढची सगळी माहिती टीएक्सला धरून दिली आहे. टंगस्टन ई२, टी३, झायर ७२ अशा भावंडांचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. यंत्र २००५ सालचं आहे आणि त्याला २००५ सालचंच इंटरनेट समजतं. त्याला आजच्या मेल सर्व्हरसमोर एकटं उभं करायला गेलात तर आठवडा जाईल आणि हाती काही लागणार नाही. जड काम घरातल्या संगणकाला द्या. गाणी संगणकावर तयार करून कार्डावर टाका, आणि मेल संगणकाच्या मध्यस्थीने आणा. एवढं पाळलं की दोन्ही कामं छान होतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गाणी, मग मेल. गाणी वाजली म्हणजे बॅटरी, कार्ड, खाच आणि आवाज या चारही गोष्टी धड आहेत हे कळतं, आणि पुढे मेल अडला तर दोष यंत्रात नसून जोडणीत आहे हे ठाऊक असतं.

आधी यंत्र तपासून घ्या

चार्जरला लावण्यापूर्वी यंत्र सपाट टेबलावर ठेवा. ते डुगडुगत असेल, पडदा कडेने उचललेला वाटत असेल किंवा मागचं कवच फुगलेलं असेल तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे. असं यंत्र चार्ज करू नका. टीएक्सची बॅटरी १२५० एमएएचची असते आणि ती वापरणाऱ्याने सहज काढावी अशी बसवलेली नाही, त्यामुळे बदलायची तर यंत्र उघडणाऱ्या जाणकाराकडूनच बदलून घ्या.

सगळं ठीक असेल तर निदान चार तास चार्ज करा. सिंकच्या केबलने चार्जही होईल असं धरून चालू नका, चार्जर वेगळा लागू शकतो. पॉवरचं बटण दाद देत नसेल तर खालच्या चार बटणांपैकी एखादं दाबा, यंत्र त्यानेही जागं होतं.

जागं झाल्यावर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन पडदा जुळवून घ्या: टचस्क्रीनच्या पानावर दिसणाऱ्या खुणांच्या बरोब्बर मध्यावर स्टायलस टेकवायचा. ही पायरी टाळली तर पुढे पासवर्ड लिहिताना शेजारचं अक्षर उमटेल आणि दोष पासवर्डाचा वाटेल. मग तारीख, वर्ष आणि वेळ लावा. पूर्ण उतरलेली बॅटरी चार्ज झाल्यावर यंत्राची तारीख बहुधा चुकलेली असते, आणि चुकीच्या तारखेने मेलची क्रमवारी पार बिघडते. पाम ओएसची तारीख १९०४ पासून मोजली जाते आणि २०३१ च्या शेवटाला संपते, तेव्हा तोवर काळजी नाही.

तीन प्रकारचे रीसेट आत्ताच शिकून ठेवा, कारण ते लागणारच. मागच्या बारीक भोकात कागदाच्या क्लिपचं बोथट टोक घालून हलकेच दाबलं की साधा रीसेट होतो आणि माहिती जात नाही. दिशादर्शक बटणाची वरची बाजू दाबून धरून तेच केलं की यंत्र बाहेरून टाकलेली भर न घेता सुरू होतं. एखादं नवीन अ‍ॅप टाकल्यावर यंत्र पुन्हा पुन्हा आपोआप रीसेट होऊ लागलं तर हाच उपाय: या रीतीने सुरू करा, ते अ‍ॅप काढून टाका, मग साधा रीसेट करा. तिसरा प्रकार पॉवरचं बटण धरून करायचा. तो विचारून खात्री करतो आणि सगळी माहिती पुसतो. कुणाकडून जुनं यंत्र आलं असेल तर एकदा हा करून घेणं चांगलं, म्हणजे आधीच्या मालकाची खाती आणि अर्धवट सेटिंग्ज निघून जातात.

टीएक्स, ई२ आणि टी५ मध्ये बॅटरी पूर्ण संपली तरी माहिती टिकते. टी३ आणि झायर ७२ मध्ये टिकत नाही. या दोघांपैकी एखादं वापरत असाल तर सगळं जमल्यावर त्याच दिवशी कार्डावर बॅकअप घ्या. त्यासाठी एनव्हीबॅकअप हे छोटं मोफत अ‍ॅप आहे.

अ‍ॅप आत टाकण्याचा सोपा रस्ता

पामचा मूळ मार्ग म्हणजे संगणकावर पाम डेस्कटॉप बसवून केबलने हॉटसिंक करणं, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातली माहिती जुळवून घेणं. ६४ बिटी विंडोजसाठी पामने यूएसबीचा ड्रायव्हर काढलाच नाही, त्यामुळे आजच्या विंडोजवर नवख्यांची गाडी पहिल्यांदा इथेच अडते. जुना ३२ बिटी संगणक असेल तर आधी पाम डेस्कटॉप बसवा आणि मगच केबल जोडा. उलट केलं तर विंडोज भलताच ड्रायव्हर चिकटवून बसतं. लिनक्सवर पायलट-लिंक आणि जे-पायलट हे दोन प्रोग्राम हेच काम करतात.

नुसती गाणी आणि मेल हवे असतील तर हॉटसिंकच्या वाटेला न जाता कार्डाचा रस्ता धरा. कार्ड रीडरमध्ये कार्ड घालून त्यावर ‘पाम’ नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत ‘लाँचर’ नावाचं फोल्डर करा, नावं रोमन लिपीत. पीआरसी शेपटाची अ‍ॅपची फाइल त्यात टाका. कार्ड यंत्रात घातलं की कार्डाच्या यादीत ते अ‍ॅप दिसतं. तिथून चालवता येतं, पण वारंवार लागणारं अ‍ॅप मुख्य पानाच्या मेनूतून ‘कॉपी’ निवडून यंत्राच्या मेमरीत आणा. कार्डावरून चालणारं अ‍ॅप दर वेळी आधी मेमरीत चढतं, म्हणून उघडायला वेळ लागतो.

जुनी अ‍ॅप्स नोंदणीच्या क्रमांकाने उघडत असतील तर लक्षात ठेवा की तो क्रमांक पुष्कळदा यंत्राच्या हॉटसिंक नावाशी बांधलेला असतो. नाव बदललं की क्रमांक निकामी होतो.

कार्ड: इथेच निम्म्या अडचणी असतात

हाती येईल ते कार्ड खाचेत सरकवू नका. टीएक्सला साधं एसडी कार्ड लागतं. एसडीएचसी कार्ड २००६ मध्ये आली, म्हणजे यंत्रानंतर, आणि जादा ड्रायव्हर टाकल्याशिवाय यंत्र ती ओळखत नाही. आज मिळणारी ४ जीबी आणि त्यावरची जवळजवळ सगळी कार्डं एसडीएचसी किंवा त्यापुढची असतात. कार्डावरच्या चिन्हात ‘एसडी’च्या खाली ‘एचसी’ किंवा ‘एक्ससी’ छापलेलं असेल तर ते बाजूला ठेवा. नवख्यांसाठी १ किंवा २ जीबीचं साधं एसडी कार्ड उत्तम. मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून चालतं, तेही २ जीबीपर्यंतचंच घ्या.

संगणकावर कार्ड एफएटी म्हणजे एफएटी१६ पद्धतीने फॉरमॅट करा. एक्सएफएटी किंवा एनटीएफएस केलं तर यंत्र कार्ड फॉरमॅट करायचं का असं विचारेल. तो प्रश्न दिसला की कार्ड बिघडलं असं समजू नका, फॉरमॅटची पद्धत चुकली आहे. टीएक्सला एफएटी३२ सुद्धा कळतं, पण जुन्या भावंडांना कळेलच असं नाही, आणि २ जीबीला एफएटी१६ पुरतं.

कार्डाच्या डाव्या कडेला छोटी सरकपट्टी असते. ती खाली सरकलेली असेल तर कार्डावर लिहिता येत नाही. फाइल कॉपी होत नाही म्हणून संगणकाला दोष देण्याआधी ही पट्टी बघा.

गाणी तयार करताना

टीएक्ससोबत पॉकेट ट्यून्स हे वाजवण्याचं अ‍ॅप येतं. लाइफड्राइव्ह या पामच्याच दुसऱ्या यंत्रावरही तेच आहे. टंगस्टन ई, झायर ७२ यांच्या काळात रिअलप्लेअर मिळत असे, आणि त्याला गाणी कार्डावरच असावी लागतात. दोन्ही एमपी३ वाजवतात. सोबत आलेल्या साध्या आवृत्तीकडून याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नका. फोनवरून घेतलेली एम४ए किंवा एफएलएसी प्रकारची गाणी आधी एमपी३ करून घ्यावी लागतात, आणि कॉपी रोखणारं कुलूप चढवलेली तर होणारच नाहीत.

रूपांतरासाठी ऑडॅसिटी पुरेसं आहे. गाणं उघडा, निर्यातीत एमपी३ निवडा, ठरावीक बिटरेट म्हणजे कॉन्स्टंट निवडा, १२८ केबीपीएस ठेवा, नमुनादर ४४,१०० हर्ट्झ, दोन वाहिन्या. १२८ केबीपीएसचं एक मिनिट साधारण १ एमबी घेतं, त्यामुळे २ जीबीच्या कार्डावर सुमारे ३३ तासांची गाणी मावतात. बोलणं किंवा व्याख्यान असेल तर एकच वाहिनी आणि ६४ केबीपीएस पुरे, जागा निम्मी लागते. बदलता बिटरेटही वाजतो, पण काही अ‍ॅप्समध्ये गाण्याची लांबी चुकीची दिसते आणि पुढे सरकवताना उडी भलतीकडे पडते. ३२० केबीपीएस कशाला? या यंत्राच्या आवाजात फरक कळत नाही आणि बॅटरी मात्र जास्त खर्च होते.

पुढची बाब छोटी आहे, पण तिच्यामुळे वाजणारं गाणं न वाजल्यासारखं वाटतं. आजच्या एमपी३ फाइलमध्ये गाण्याचं चित्र आत भरलेलं असतं, कधी अर्धा एमबी, कधी त्याहून मोठं. यंत्र गाणं सुरू करण्याआधी ते सगळं वाचत बसतं. गाणं टॅप केल्यावर चार-पाच सेकंद नुसती शांतता आणि मग सूर, असं होत असेल तर आतलं चित्र काढून टाका. एमपी३टॅगसारख्या प्रोग्रामात सगळ्या फाइली एकदम निवडून हे काम मिनिटात होतं. त्याच वेळी टॅगची आवृत्ती आयडी३ २.३ करून घ्या.

आणि गाण्यांची नावं रोमन लिपीत लिहा. पाम ओएसला युनिकोड कळत नाही, देवनागरी तर मुळीच नाही. ‘पहाटेचा राग’ असं लिहिलेल्या फाइलच्या जागी यंत्रावर अधोरेषा, प्रश्नचिन्हं किंवा मोकळ्या चौकटी दिसतात, आणि दहा गाण्यांच्या यादीत दहाही ओळी तशाच दिसल्या की कोणतं गाणं कोणतं हे ओळखायला ती एकेक करून वाजवावी लागतात. फाइलच्या नावाआधी दोन आकडी क्रमांक घाला: ०१, ०२, इंग्रजी अंकांत. क्रम त्यानेच लागतो.

कार्डावर मुळाशीच ‘ऑडिओ’ नावाचं फोल्डर करा, रोमन मोठ्या अक्षरांत: ए, यू, डी, आय, ओ. पाम ओएस गाणी याच नावाच्या फोल्डरमध्ये शोधतं. त्याच्या आत अल्बमप्रमाणे उपफोल्डर केले तरी चालतात, फार खोल जाऊ नका. मॅकवरून कॉपी केलं तर प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल कार्डावर पडते. यंत्राला ती गाणंच वाटते, आणि यादीत प्रत्येक गाणं दोनदा दिसतं, त्यातलं एक कधीच वाजत नाही. त्या फाइली पुसून टाका. कार्ड काढण्यापूर्वी संगणकावरून रीतसर इजेक्ट करा. अर्धवट लिहिलेलं कार्ड यंत्रात घातलं की शेवटची गाणी मध्येच तुटतात.

वाजवणं आणि हेडफोनची मेख

पॉकेट ट्यून्स उघडा, गाणी निवडायच्या पानावर जा, फोल्डर निवडा, हवी ती गाणी यादीत घ्या आणि यादीला नाव देऊन ठेवा. पाम ओएस एका वेळी एकच अ‍ॅप दाखवतं, पण पॉकेट ट्यून्सच्या सेटिंग्जमध्ये पार्श्वभूमीत वाजत राहण्याची सोय आहे. ती सुरू केली की गाणं चालू ठेवून कॅलेंडर किंवा टिपणं बघता येतात. गाणी ऐकताना पडदा बंद ठेवायची सवय लावा. या यंत्राची बॅटरी पडद्याचा दिवाच सर्वांत जास्त खातो.

आता हेडफोन. आजच्या बऱ्याच वायरवाल्या हेडफोनला माइक असतो आणि त्यांच्या पिनेवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग असतात. टीएक्सचं भोक तीन भागांच्या पिनेसाठी आहे. चार भागांची पिन पूर्ण आत गेली की यंत्राचा जमिनीचा (ग्राउंडचा) जोड माइकच्या भागावर बसू शकतो, आणि मग विचित्र गोष्ट घडते: वाद्यं लांबून पोकळ ऐकू येतात आणि गाणाऱ्याचा आवाजच गायब होतो. कार्ड किंवा फाइल खराब झाली असं वाटू देऊ नका. हेडफोनच्या वायरवरचं उत्तर देण्याचं बटण दाबून धरा. आवाज तत्काळ भरून परत आला तर निदान पक्कं झालं, कारण ते बटण माइक जमिनीला जोडतं. उपाय म्हणजे दोन रेघांच्या पिनेचा साधा हेडफोन, किंवा तीन भागांचा छोटा जोड. पिन केसभर बाहेर ओढली तरी काम भागतं, पण हलल्यावर पुन्हा तेच.

खरखर येत असेल तर भोकात धूळ असते. यंत्र बंद करून पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, बहुतेकदा तेवढ्याने जाते.

वाय-फाय जोडणं

मेलकडे वळण्यापूर्वी यंत्र घरच्या जाळ्यात यायला हवं. टीएक्सचं वाय-फाय ८०२.११बी प्रकारचं आहे: २.४ गिगाहर्ट्झ, कमाल ११ एमबीपीएस. ५ गिगाहर्ट्झचं जाळं त्याला दिसतच नाही. सुरक्षेत त्याला वेप आणि डब्ल्यूपीए-पीएसके या वाय-फायच्या दोन जुन्या कुलूपपद्धतीच कळतात. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मूळ यंत्रात नाही, त्यामुळे जाळ्याचं नाव यादीत दिसतं पण जोडणी होत नाही, आणि फोनचा हॉटस्पॉटही याच कारणाने बहुधा चालत नाही.

मुख्य राउटरची सुरक्षा यासाठी खाली आणू नका. दोन कारणं आहेत. एक, वेपचं कुलूप काही मिनिटांत उघडता येतं. दोन, ८०२.११एन आणि त्यापुढच्या पद्धती वेप किंवा टीकेआयपीवर (डब्ल्यूपीएच्या जुन्या कूटपद्धतीवर) पूर्ण वेगाने चालत नाहीत, म्हणजे एका ऑर्गनायझरपायी घरातली बाकी सगळी यंत्रं मंदावतात. अडगळीतला जुना राउटर काढा. त्यावर:

१. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, बी आणि जी मिश्र प्रकार ठेवा.
२. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करा. आपोआप निवडण्यावर ठेवलं तर राउटर १२ किंवा १३ वर जाऊ शकतो आणि यंत्राला तो दिसणार नाही.
३. सुरक्षा डब्ल्यूपीए-पीएसके, कूटपद्धत टीकेआयपी.
४. पासवर्ड लांब ठेवा, पण साधी छोटी अक्षरं आणि अंक यांचाच. यंत्रावर चिन्हं लिहिताना चुका होतात. पडद्याच्या तळाशी असलेल्या लेखनपट्टीवर कीबोर्ड उघडून एकेक अक्षर टॅप करणं ग्राफिटीने, म्हणजे पामच्या हस्तलेखनाच्या पद्धतीने, लिहिण्यापेक्षा खात्रीचं.
५. या जाळ्यातून फक्त मेलच्या मधल्या संगणकापर्यंत पोचता येईल, घरातल्या बाकी यंत्रांपर्यंत नाही, अशी मर्यादा राउटरवर घालता येत असेल तर जरूर घाला.

मग यंत्रावर प्रेफरन्सेसमधून वाय-फाय सुरू करा, यादीतून नाव निवडा, पासवर्ड द्या. यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळाला की जोडणी झाली. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ता दिलेला नाही. पासवर्ड पुन्हा घाला, राउटरवर पत्ते वाटण्याची सोय सुरू आहे का ते बघा.

ई२, टी३ आणि झायर ७२ मध्ये वाय-फाय नाही, ब्लूटूथ आहे. त्यांना लिनक्स संगणकाशी ब्लूटूथने जोडून पीपीपीच्या वाटेने जाळ्यात आणता येतं. हे काम नवख्याचं नाही. कमांड लिहिण्याची सवय असेल तरच हात घाला.

मेल थेट का येत नाही

टीएक्सवरचं व्हर्सामेल हे मेलचं अ‍ॅप पीओपी३ आणि आयमॅप या मेल आणण्याच्या दोन्ही पद्धती जाणतं. तरी खातं भरून मेल आणायला सांगितलं की सर्व्हरशी जोडता आलं नाही एवढंच म्हणतं. त्यामागे दोन भिंती आहेत. पहिली कूटभाषेची (एन्क्रिप्शनची). यंत्राला एसएसएल ३ आणि फार तर टीएलएस १.० इतपत जुनी पद्धत कळते. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवल्या गेल्या आणि बहुतेक मेल सर्व्हर आता किमान १.२ मागतात. दुसरी भिंत ओळखीची. गूगलने मे २०२२ च्या अखेरीस वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डाने बाहेरच्या अ‍ॅपना प्रवेश देणं थांबवलं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केलं. पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो तो यामुळे.

दोन्ही भिंती मधला संगणक ओलांडतो. यंत्र त्याच्याशी जुन्या, साध्या भाषेत बोलतं. तो पुढे सर्व्हरशी आजच्या कूटभाषेत बोलतो. नेहमी चालू असणारा कोणताही संगणक चालेल, रास्पबेरी पायसारखा छोटासाही.

मधला संगणक तयार करणं

सर्वांत आधी या यंत्रासाठी एक वेगळी मेलपेटी उघडा आणि मुख्य खात्यातून हवे तेवढेच मेल गाळणीने (फिल्टरने) तिकडे पाठवा. ही पायरी कुणी टाळू नये असं आमचं कळकळीचं सांगणं आहे. यंत्रापासून मधल्या संगणकापर्यंत पासवर्ड उघडा जातो, आणि तो जुन्या सुरक्षेच्या वाय-फायवरून जातो. मुख्य खात्याचा पासवर्ड त्या वाटेने कधीही जाऊ नये. शिवाय हजारो मेलची पेटी उघडायला गेलं की यंत्र गोठतं. पन्नास मेलची पेटी झटकन उघडते.

त्या नव्या खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि अ‍ॅप पासवर्ड तयार करा. गूगलचा अ‍ॅप पासवर्ड १६ अक्षरांचा असतो, चार-चारच्या गटांत दिसतो, पण यंत्रात भरताना मधल्या मोकळ्या जागा सोडून सलग लिहा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये पीओपीची परवानगीही द्या.

संगणकावर एसटनेल हा मोफत प्रोग्राम बसवा. यंत्राचं साधं बोलणं कूटभाषेत घालून पुढे पाठवण्याचं काम तोच करतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत दोन भाग लिहायचे. दोन्हींत ‘क्लायंट’ला ‘येस’ द्या. येणाऱ्या मेलच्या भागात ‘अ‍ॅक्सेप्ट’पुढे संगणकाचा घरच्या जाळ्यातला पत्ता आणि पोर्ट (म्हणजे दाराचा क्रमांक) १११०, ‘कनेक्ट’पुढे मेलसेवेच्या पीओपी सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ९९५. जाणाऱ्या मेलच्या भागात ‘अ‍ॅक्सेप्ट’ला तोच पत्ता आणि पोर्ट २५२५, ‘कनेक्ट’ला एसएमटीपी (म्हणजे मेल पाठवण्याचा) सर्व्हर आणि पोर्ट ४६५. मेलसेवा ४६५ देत नसून फक्त ५८७ देत असेल तर त्या भागात ‘प्रोटोकॉल’पुढे ‘एसएमटीपी’ अशी एक ओळ जास्तीची लागते, कारण ५८७ वर बोलणं साधं सुरू होतं आणि कूटभाषा नंतर चढते.

इथे नेहमी होणारी चूक: ‘अ‍ॅक्सेप्ट’मध्ये १२७.०.०.१ लिहिणं. त्या पत्त्यावर फक्त तो संगणक स्वतःच पोचू शकतो, बाहेरचं कुणीच नाही. घरच्या जाळ्यातला खरा पत्ता लिहा, समजा १९२.१६८.१.१०, आणि राउटरवर तो पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवा. नाहीतर एके दिवशी राउटर दुसरा पत्ता देईल आणि मेल बंद पडेल. संगणकाच्या फायरवॉलमध्ये १११० आणि २५२५ घरच्या जाळ्यापुरते उघडा. मुख्य राउटरवरून ही दारं बाहेरच्या इंटरनेटला मात्र अजिबात उघडी करू नका.

यंत्राला हात लावण्याआधी चाचणी करा. त्याच जाळ्यातल्या दुसऱ्या संगणकावरून टेलनेट या साधी जोडणी करणाऱ्या कमांडने त्या पत्त्यावर पोर्ट १११० ला जोडा. अधिकचं चिन्ह आणि त्यापुढे ‘ओके’ अशी ओळ आली म्हणजे रस्ता मोकळा आहे. काहीच न येता नुसतं थांबून राहिलं तर बहुधा फायरवॉल आडवी येते आहे. जोडणी लगेच नाकारली गेली तर एसटनेल चालू नाही किंवा पत्ता चुकला आहे. जोडून लगेच तुटली तर पुढच्या सर्व्हरचं नाव किंवा पोर्ट तपासा.

अ‍ॅप पासवर्डही न चालणाऱ्या सेवांसाठी, उदाहरणार्थ आउटलुक डॉट कॉम, एसटनेल पुरत नाही. तिथे ईमेल ओऑथ २ प्रॉक्सी हा मोफत प्रोग्राम त्याच्या जागी बसवा. तो पहिल्या वेळी ब्राउझरमधून खात्यात शिरायला लावतो आणि पुढे यंत्राला साधं पीओपी, आयमॅप व एसएमटीपी देतो. नवख्याने त्यापेक्षा अ‍ॅप पासवर्ड देणाऱ्या सेवेतच ही वेगळी पेटी उघडावी.

व्हर्सामेलमध्ये खातं भरणं

व्हर्सामेल उघडा, मेनूतून खात्याच्या सेटअपमध्ये जाऊन नवीन खातं सुरू करा. सेवांच्या यादीत ओळखीचं नाव दिसलं तरी ते निवडू नका, ‘अदर’ निवडा. यादीतली नावं निवडली की अ‍ॅप २००५ सालचे पत्ते स्वतः भरतं.

प्रकार पीओपी निवडा. आयमॅपही चालतो, पण तो फोल्डर जुळवत बसतो आणि जोडणी फार वेळ धरून ठेवतो. छोट्या पेटीला पीओपी बरा. वापरनावाच्या जागी पूर्ण मेल पत्ता, पासवर्डात तो अ‍ॅप पासवर्ड. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरच्या जागी मधल्या संगणकाचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.१०. मग अ‍ॅडव्हान्स्डच्या पानावर जाऊन येणारं पोर्ट ११० च्या जागी १११०, जाणारं २५ च्या जागी २५२५ करा. सुरक्षित जोडणीची खूण दोन्हीकडे काढलेली असू द्या. ती खूण राहिली तर यंत्र एसटनेलशी जुन्या कूटभाषेत बोलू पाहतं आणि दोघांचं जमत नाही. जाणाऱ्या मेलसाठी ओळख पटवण्याची, म्हणजे ईएसएमटीपीची, खूण मात्र लावा. मेल सर्व्हरवर ठेवून द्यायची सोय सुरू ठेवा.

पहिल्या वेळी ‘फक्त विषय’ मागवा. विषयांची यादी आली की एखादा मेल टॅप करून पूर्ण आणा. मेलच्या कमाल आकाराची मर्यादा आधी लहान ठेवून हळूहळू वाढवा. सजवलेल्या जाहिराती यंत्राला झेपत नाहीत, त्या गाळणीनेच अडवाव्यात. देवनागरी मेल इथेही वाचता येत नाही, गाण्यांच्या नावांचं कारण तेच. जोडलेल्या फाइलींत जेपीजी चित्रं दिसतात, आणि टीएक्ससोबतचं डॉक्युमेंट्स टू गो जुन्या प्रकारच्या वर्ड व एक्सेल फाइली उघडतं. डॉकएक्स शेपटाच्या नव्या फाइली पाठवणाऱ्याकडून जुन्या प्रकारात मागवा.

मेल येत असताना दुसरं अ‍ॅप उघडू नका, आणणं मध्येच तुटतं. त्याच वेळी गाणं वाजत असेल तर ते अडखळेल, प्रोसेसर एकच आहे.

मेल येतो पण जात नाही, असं झालं तर ईएसएमटीपीची खूण आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बघा; तो खात्याच्या पत्त्याशी तंतोतंत जुळायला हवा. पासवर्ड चुकल्याचा संदेश आला तर अ‍ॅप पासवर्ड पुन्हा घाला. हळू हळू, कीबोर्डवर टॅप करत. आणि सगळी माहिती पुसून खातं नव्याने भरल्यावर जीमेलची पेटी रिकामी दिसली तर घाबरू नका: एकदा पीओपीने दिलेले मेल जीमेल पुन्हा देत नाही. वापरनावाच्या आधी रोमन लिपीत ‘रीसेंट’ हा शब्द आणि कोलन लिहा, मध्ये जागा न सोडता. गेल्या ३० दिवसांचे मेल पुन्हा येतात.

आपोआप मेल आणण्याची वेळ ठरवता येते, पण दर १५ मिनिटांनी वाय-फाय जागं झालं तर बॅटरी दुपारीच आडवी होते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा हाताने आणा, आणि बाकी वेळ वाय-फाय बंद ठेवा.